वेगाच्या गावी

सत्तरी उलटल्यावर माणसाने तीर्थयात्रेस जावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. त्यामुळे गेल्या जुलैत आम्ही उभयता दक्षिणेकडे निघालो, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी रामेश्वरच गृहीत धरले. एका वृद्ध स्नेह्यांनी तर तेथे वाहण्यासाठी गंगाजलाची कुपी आणून दिली. ती आम्ही निमूटपणे पिशवीत ठेवली. मोटारसायकलींची शर्यत पाहण्यासाठी हजारभर मैलांचा खटाटोप करीत आहोत, हे सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

बऱ्हाणपूर सोडले त्या दिवशी तापीचे पाणी राजघाटाच्या पायऱ्या चढत होते. इटारसीस गाडी बदलून चेन्नईस उतरलो, तो पावसाचे नाव नाही. समुद्राकाठची ती दमट उष्णता अंगावरील वस्त्रासारखी माणसाला चिकटून बसते. निमाडचा उन्हाळा आम्ही जन्मभर सोसला. पण तो कोरडा, रोखठोक. येथील ऊन घाम काढते आणि तो वाळूही देत नाही.

शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, बंगळूरच्या रस्त्याला श्रीपेरुम्बुदूर लागते. रामानुजाचार्यांचे हे जन्मस्थान. १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली तीही येथेच. आता आसपास मोटारींचे कारखाने उभे राहिले आहेत आणि त्यांतील एकात आमचा नातू अभियंता आहे. रविवारी तो जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील शर्यतपथावर जातो, हे आम्हांस ठाऊक होते. तेथे तो काय करतो, हे विचारायचे आम्ही तीन वर्षे टाळले होते. मे महिन्यात त्याचे पत्र आले : “आजी, आजोबा, एकदा येऊन पाहा. मग एक गोष्ट विचारायची आहे.” ती गोष्ट कोणती असावी, हे आम्ही दोघांनीही ओळखले, एकमेकांजवळ मात्र बोललो नाही.

त्या न बोलण्याचे कारण सांगितले पाहिजे. १९९८ च्या हिवाळ्यात आमचा धाकटा मुलगा इच्छापूर रस्त्याने मोटारसायकलीवरून घरी येत होता. वेग फार नव्हता, घाईही नव्हती. वळणापलीकडे एक ट्रक बंद पडून उभा होता. ट्रकच्या मागे दिवा नव्हता. आपल्याकडे गाडी बिघडली की ड्रायव्हर झाडाची फांदी तोडून मागे दहा-वीस पावलांवर टाकतो. तेवढेही कोणी केलेले नव्हते. त्या रात्रीनंतर आमच्या घरात दुचाकी आली नाही. नातू जन्मला तो त्यानंतर. काकाला त्याने केवळ भिंतीवरील तसबिरीतच पाहिले.

तर अशा ओझ्यासह आम्ही त्या प्रेक्षागाराच्या पायऱ्या चढलो. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ सालची. पूर्वी तिच्या शर्यती शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातील जुन्या विमान-धावपट्टीवर होत. इरुंगाट्टुकोट्टैचा हा स्वतंत्र मार्ग १९९० साली खुला झाला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे बारा. कोइमतूरचे नारायण कार्तिकेयन, जे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले, तेही या मातीतले. तमिळ मुलखात या खेळाची मुळे किती खोल गेली आहेत, हे तेथील गर्दी पाहून कळते. आमच्या शेजारी एक आजीबाई केसांत मोगरा माळून, डब्यात दहीभात घेऊन बसल्या होत्या. आम्ही दोघेच तेथे विजोड दिसू, ही भीती त्यांनी घालवली.

शर्यत सुरू झाली आणि प्रथम कानांनी हार मानली. वीस-पंचवीस गाड्या एकदम सुटल्या, पहिल्या वळणाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या एकवटल्या आणि दिसेनाशा झाल्या. दोनेक मिनिटांत त्याच पुन्हा समोर. वळणावर स्वार इतके कलतात की गुडघा जमिनीला टेकतो. आरंभी आम्हांस ते वेड वाटले : इतका जीव पणास लावायचा आणि पोहोचायचे कोठे, तर निघालो तेथेच!

पण मग मनात आले, वेगाला वेड म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितीसा? आपली घराणी या मुलखात आली तीच मुळी घोड्यांच्या टापांमागून. १७२८ मध्ये पालखेडास निजामाला कोंडीत पकडणारे बाजीरावसाहेब तोफांचे ओझे मागे टाकून, हलक्या फौजेनिशी धावले, म्हणूनच जिंकले. त्यांची धाव १७४० साली संपली ती आपल्याच निमाडात, नर्मदाकाठी रावेरखेडीस. आणि शंकरपटाचे काय? बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा आपल्याकडील किती जाणती माणसे हळहळली! २०२३ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा आणि तमिळनाडूचा जल्लिकट्टूचा कायदा एकाच निकालाने वैध ठरवला. धावणाऱ्या जनावराकडे पाहून ज्यांचे रक्त उसळते, त्यांनी यंत्राला नावे ठेवू नयेत.

नातू आम्हांस स्वारांत दिसेना. आम्ही एकेक शिरस्त्राण न्याहाळीत होतो. शेवटी आजीनेच त्याला शोधले. एका वळणाच्या बाहेरच्या अंगाला, आडोशामागे, नारिंगी कपड्यांत तो उभा होता. हातात गाडी नव्हती, झेंडा होता. तीन वर्षे आम्ही ज्याची धास्ती घेत होतो ते काम हे होते : रणरणत्या उन्हात दिवसभर उभे राहायचे आणि पुढे काय आहे ते मागून येणाऱ्यास सांगायचे. ही मंडळी स्वयंसेवक असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, कोणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून वेगवान स्वार येतो आहे, त्याला वाट द्या. काळा झेंडा क्रमांकासह एखाद्याच स्वाराला दाखवतात. त्याने मार्ग सोडायचा. रुग्णवाहिका व वैद्य आपल्या जागी असल्याखेरीज शर्यत सुरूच होत नाही.

दुपारच्या शर्यतीत त्याच्याच वळणावर एक मुलगा घसरला. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे. खडीच्या पट्ट्यात लोळत गेला. आमच्या डोळ्यांपुढे काय आले ते लिहिण्याची गरज नाही. मात्र त्याच क्षणी पिवळा झेंडा वर गेला होता. आमचा नातू दोन्ही हातांनी तो हलवीत होता, आणि मागून भरधाव येणारे स्वार एकामागून एक सावध होत, रांग न मोडता पुढे जात होते. पडलेला मुलगा उठला, अंगावरची धूळ झटकली आणि स्वतःवरच चिडून गाडीला लाथ मारली. लोक हसले. आमच्या शेजारच्या माणसाला मात्र रडू आवरेना, हे पाहून त्या दहीभातवाल्या आजीबाईंनी आपला डबा तिच्यापुढे केला. भाषा एकमेकींना कळत नव्हती. आम्हां दोघांच्याही मनात तेव्हा एकच शब्द होता : फांदी.

सायंकाळी नातवाने विचारले ते आम्हांस अपेक्षितच होते. “पुढच्या वर्षी नवशिक्यांच्या गटात मला स्वतः उतरायचे आहे. तुमची परवानगी असेल तर. नसेल तर झेंडा आहेच.” आम्ही विचारले, “येथे कोणी दगावले आहे काय?” त्याने सत्य लपवले नाही. २०२३ च्या जानेवारीत याच मार्गावर के. ई. कुमार हे एकोणसाठ वर्षांचे मुरब्बी स्पर्धक अपघातात गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा. झेंडे होते, वैद्य होते, तरीही. “तेव्हा धोका नाही असे मी म्हणणार नाही, आजोबा,” तो म्हणाला, “पण येथे मी पडलो तर मागच्याला कोणीतरी सांगेल.”

त्याने काकाचे नाव घेतले नाही. आम्हीही घेतले नाही. आजी तेवढी म्हणाली, “आणि कारखान्यात रोज जातोस त्या रस्त्यावर? तिथे शिरस्त्राण घालतोस का?” तो घालत होता. तिने ते मागवून घेतले, उलटसुलट करून पाहिले, पट्टा ओढून पाहिला आणि परत दिले.

आम्ही परवानगी दिली. ती शहाणपणाची होती की नाही, हे सांगता येत नाही. मनावरचा दगड हलला, असेही नव्हे. इतकेच झाले की, पंचवीस वर्षांहून अधिक काळ आम्ही वेगाला दोष देत होतो, तो दोष त्याचा एकट्याचा नव्हता, हे त्या वळणावर आम्हांस दिसले. मुलगा ज्या रात्री गेला, त्या रात्री रस्त्यावरून आणखीही माणसे गेली असतील. ट्रक त्यांनी पाहिला असेल, वळसा घातला असेल आणि ती आपापल्या घरी पोहोचली असतील. त्यांना दोष देताना आम्हीही थबकलो. कारण आम्ही स्वतः आयुष्यात किती वेळा थांबून फांदी टाकली, याचा हिशेब काही समाधानकारक निघाला नाही.

रामेश्वर राहूनच गेले. कुपी नातवाच्या खोलीतील देवघरात ठेवून आलो आणि परतल्यावर स्नेह्यांना खरे ते सांगून टाकले. ते आठवडाभर बोलले नाहीत. मग शर्यतीचे सगळे वर्णन मात्र दोनदा ऐकून गेले.

यंदा नातू दोन शर्यतींत उतरला. एकीत अकरावा आला, दुसरीत गाडी मध्येच बंद पडली. शर्यतीच्या दिवशी सायंकाळी त्याचा फोन येतो. तोवर आमच्या घरी दुसरा विषय निघत नाही, आणि चहाही कोणी करीत नाही.