वासोट्याच्या धारेवर

सांगलीत वाढलेल्या माणसाला पाणी फुटांत कळतं. आयर्विन पुलाखाली ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून ‘काय सुंदर पाऊस’ म्हणताना आमची जीभ जरा अडखळते. त्या दिवसांत जो भेटेल तो एकच विचारायचा, “कोयनेतनं किती सोडलंय?” मग ज्या डोंगरावर हे पाणी पडतं तो एकदा पायांनी चढून यावा, असं फार दिवस मनात होतं.

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस त्यासाठी उत्तम. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर आलं की वारा बदलतो. हिमालयातल्यासारखी बर्फाने कोरलेली सरोवरं सह्याद्रीच्या नशिबी नाहीत. इथे माथ्यावर जांभ्याचा सडा, त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचतं आणि उन्हं तापली की निमूट निघून जातं. एवढ्याशा मुदतीत सोनकी, तेरडा, सीतेची आसवं सगळं उरकून घेतात. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर कुमुदिनीचं तळं लागतं. पाकळ्यांना पांढरी झालर असलेली ती फुलं पाण्यावर अशी टेकलेली असतात की काठावर आपोआप आवाज खाली येतो. कासचा मोठा तलाव मात्र माणसांनी बांधलेला. साताऱ्यातल्या कितीतरी घरांतला हंडा त्याच्यावर भरतो.

बामणोलीला उतरून वासोटा किल्ल्याकडे जायला लाँचमध्ये बसायचं. समोर कोयना धरणाचा शिवसागर. १०५ टीएमसीचा हा जलाशय नकाशात निळा पट्टा दिसतो. प्रत्यक्षात तो डोंगरांच्या प्रत्येक घळीत शिरलेला आहे. काठाच्या तांबड्या पट्ट्यावरून पाणी किती उतरलं ते कळतं. लाँचवाले दादा फारसं बोलत नव्हते. मध्येच एकदा हात लांबवून म्हणाले, “हितं खाली आमची भातखाचरं हुती.” दाखवलं तिथे नुसतं पाणी. साठच्या दशकात धरण भरलं, गावं उठली. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळपेरीच्या निमित्ताने काही पावलं पुन्हा त्याच मातीत उमटतात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंपही याच खोऱ्याने सोसला. या पाण्याला हात जोडताना पोटात थोडी भीती असते, आणि मला ते रास्त वाटतं.

पलीकडच्या काठावर मेट इंदवलीला वनखात्याच्या माणसांनी पिशव्यांतलं प्लास्टिक मोजून घेतलं. हे अभयारण्य आहे, मुक्कामाला परवानगी नाही, दिवस मावळायच्या आत परत. थोड्याच अंतरावर ओढ्याकाठी मारुती आणि गणपती उघड्यावर बसलेले आहेत. त्यांना नमस्कार केला की रान सुरू होतं.

आणि मग चढण. पहिला टप्पा सरळ वाटतो, तो फसवा. अंजन, जांभूळ, हिरडा, पिशाची गच्च झाडी. खाली कारवी, त्याखाली कुजक्या पानांचा ओला थर, ज्यावर पाय टाकला की तो हमखास सरकतो. वारा आत येत नाही. अंगरखा पाठीला चिकटतो, आणि बोलणारे गप्प होतात, हा या चढणीचा मोठा गुण. वर कुठेतरी शेकरू फांदीवरून फांदीवर गेलं. पानं हलली तेवढीच दिसली. शीळकरी कस्तुराची शीळ ओढ्याच्या बाजूने आली, थांबली, पुन्हा आली. गव्याच्या खुरांच्या ठशांत साचलेलं पाणी निवळ होतं. डोंगरावरचं सर्वांत छोटं तळं तेच असावं.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, पडका वाडा, महादेवाचं देऊळ आणि पाण्याची टाकी. पेशवाईच्या अखेरीस साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना या गडावर अडकवून ठेवलं होतं. १८१८त इंग्रजांनी गड घेतला. मला मात्र इतिहासापेक्षा त्या टाक्यांनी अधिक धरून ठेवलं. जो डोंगर पाणी धरत नाही, त्याच्याकडून छिन्नी-हातोड्याने ते मागून घेतलेलं आहे. एकेक घाव मोजावासा वाटतो.

मागच्या अंगाला बाबूकडा. जुना आणि नवा वासोटा यांच्यामध्ये डोंगर घोड्याच्या नालासारखा तुटलेला, काळ्या कातळाचे थरावर थर, आणि तळाशी कोकणचं रान. इथे उभं राहिलं की बढाई आपोआप गळते. पलीकडे चकदेव, महिपतगड, सुमारगड, रसाळगड ओळीने. धारेवरून पुढे नागेश्वरला गेलं तर कड्याच्या पोटात गुहा आहे, छतातून पिंडीवर थेंब पडत असतो. महाशिवरात्रीला कोकणातले लोक चोरवण्याच्या बाजूने ती उभी चढण चढून येतात. अभिषेक डोंगरच करतो. माणसांनी फक्त पोचायचं.

या धारेवर पडलेला थेंब पश्चिमेला घरंगळला तर अरबी समुद्राला मिळणार. पूर्वेला घरंगळला तर कोयनेतून कऱ्हाडला, तिथे कृष्णेत, मग सांगलीवरून थेट बंगालच्या उपसागराकडे. निदान डोंगराने तसं ठरवलं होतं. माणसाने बोगदे खणले, आणि पूर्वेला आलेलं पुष्कळसं पाणी पोफळीच्या वीजघरातून पुन्हा पश्चिमेला, वाशिष्ठीत उतरतं. उरलेल्यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजना. त्यांच्यावर आमच्या दुष्काळी तालुक्यांतली द्राक्षं. कवठे महांकाळचा शेतकरी आणि हा कातळ यांच्यात एवढं जवळचं नातं असेल, असं पंपांच्या आवाजात कधी वाटलं नव्हतं.

आता कृष्णेला मिळणारी दुसरी नदी, वारणा, राहिली. ती दक्षिणेला, पाथरपुंज-प्रचितगडच्या रानात उगम पावते, चांदोलीत अडते आणि सांगलीच्या खाली हरिपूरला कृष्णेत मिसळते. २०१०पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला असल्याने तिकडे वाटेल तेव्हा जाता येत नाही, आणि येऊही नये. प्रचितगडाची कोकणातून, शृंगारपुराकडून येणारी वाट शेवटी लोखंडी शिडीवर चढते म्हणतात. हरिपूरच्या संगमावर लहानपणापासून पाय भिजवले आहेत. परवानगी मिळाली तर तिथलं अर्धं पाणी कुठून सुटतं, तेही बघून यायचं आहे.