पत्रा आणि पाऊस

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टूसॉनला विमानं बघायला जायचंय म्हटल्यावर भाच्याने माझ्याकडे, तापातल्या माणसाने भजी मागावी तसं बघितलं. "मावशी, बेचाळीस डिग्री असतं गं तिथे!" मी म्हटलं, मी नाशिकहून आलेय, लंडनहून नाही. त्यावर तो काही बोलला नाही, पण फिनिक्सहून निघताना पाण्याच्या बाटल्यांचं अख्खं खोकं गाडीत ठेवलं. दुपारपर्यंत आम्ही ते निम्म्याहून जास्त संपवलं, आणि नाशिकच्या उन्हाळ्याचा माझा ताठा कुठल्या बाटलीबरोबर संपला ते कळलंही नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सग्वारो. हात वर करून उभे राहिलेले हे उंच निवडुंग आपण सिनेमांत पाहिलेले असतात. प्रत्यक्षात ते थोडे बुजरे वाटतात, वर्गात उत्तर येतंय की नाही याची खात्री नसलेल्या मुलासारखे. सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास ते पाऊणशे वर्षं लागतात. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर उगवलेला एखादा आत्ता कुठे हात काढतोय. आम्ही ज्या विमानांना भेटायला निघालो होतो, त्यातली कित्येक त्याच वेळी या वाळवंटात येऊन थांबली.

ती इथे का थांबली, याचं कारण साधं आहे: कोरडेपणा. टूसॉनला वर्षाला साधारण 280 मिलिमीटर पाऊस होतो. आषाढात इगतपुरीला एवढा दोन दिवसांत पडून जातो. हवा कोरडी, आणि जमिनीत चुनखडीचा असा कठीण थर की डांबर न घालता त्यावरून अवजड विमान ओढत न्यावं आणि चाक रुतू नये. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेकडे विमानं उतू जात होती. 1946 साली डेव्हिस-मॉन्थन हवाईतळावर ती आणून उभी करायला सुरुवात झाली. त्या साठ्याच्या शेजारी पुढे 1976 साली पिमा संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. आज ऐंशी एकरांत चारशेच्या वर विमानं आहेत. चारशे हा आकडा वाचायला सोपा आहे. उन्हात चालायला लागलं की बाराव्या-तेराव्या विमानापाशीच तो अवघड होतो.

आत शिरल्यावर सगळे जिकडे जातात तिकडे आम्हीही आधी गेलो. एसआर-71. काळं, चपटं, लांबुळकं, पाण्याखालून वर आलेल्या माशासारखं. ध्वनीच्या तिपटीहून जास्त वेगाने उडायचं, आणि त्याच्या अंगातलं टायटॅनियम अमेरिकेने आडमार्गाने, मधल्या कंपन्यांची नावं पुढे करून, रशियाकडूनच मिळवलेलं. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याकडूनच दुर्बीण विकत घ्यावी, तसं. भाचा त्याच्यापाशी अर्धा तास रमला. मला मात्र माझं विमान शोधायचं होतं.

माझं म्हणजे अण्णांचं. अण्णा मिगमध्ये होते. ओझरच्या आसपासच्या माणसाला एवढं वाक्य पुरतं. कारखान्याचं नाव मोठं आहे, इंग्रजीत तर फारच मोठं, पण आमच्याकडे "मिगमध्ये लागला" म्हणजे नोकरी लागली, "मिगवाले" म्हणजे बऱ्यापैकी स्थळ, आणि "मिगची बस" म्हणजे घड्याळ. 1964 साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात मिग-21 चा सांगाडा तयार व्हायचा, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. अण्णा सांगाड्याकडे. फिटर. लहानपणी मला वाटायचं की अण्णा विमान करतात. पुढे कळलं, अण्णा रिव्हेट मारतात. त्यांना विचारलं तर दोन्ही एकच.

मिग-21 सापडलं. फलकावर पीएफ. ओझरला पहिल्यांदा जे व्हायचं ते एफएल, कारखान्याच्या भाषेत 'टाइप सेव्हंटी-सेव्हन', ते याचंच सख्खं भावंड. नाकातून मोठा आ वासलेला, त्यात तो निमुळता शंकू. पंख एवढे आखूड की हे उडतं यावर विश्वास बसू नये. इथे ते शत्रूचं विमान म्हणून उभं होतं. एका अमेरिकन आजोबांनी नातवाला बोट दाखवून काही सांगितलं आणि दोघे पुढे गेले. मला उगाचच, आपल्या गल्लीतला मुलगा परगावच्या पोलीस चौकीत बसलेला दिसावा, तसं झालं. गेल्या सप्टेंबरात, 2025 साली, चंदीगडला या जातीला भारतीय हवाई दलाने निरोप दिला, तेव्हा अण्णांनी टीव्ही लावला नव्हता. अपघातांच्या बातम्यांत 'उडती शवपेटी' हे शब्द आले की ते उठून गॅलरीत जायचे. त्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही.

आमच्या घड्याळात साडेदहा वाजले होते; म्हणजे नाशिकला रात्रीचे अकरा. अण्णा या वयात बारापर्यंत जागेच असतात. व्हिडिओ कॉल लावला.

"अण्णा, बघा कोण भेटलं!"

त्यांनी फोन डोळ्यांशी नेला. मला पडद्यावर फक्त एक भुवई आणि चष्म्याची काडी दिसत होती.

"जवळ जा. अगं, पंख नको दाखवूस. जोड दाखव, पंखाच्या मुळाशी."

मी दोरीवरून जमेल तितकी वाकले. भाचा मागून माझी पर्स धरून उभा.

"हात फिरव त्यावरून. टोचतंय का बघ. सपाट बसलेलं रिव्हेट हाताला लागत नाही."

"अण्णा, हात लावायचा नाही असं लिहिलंय."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "मग कसलं बघितलं ते," म्हणाले आणि, "पाणी पी," म्हणून फोन ठेवला.

हे मी हसत हसत सांगतेय, पण त्यांचं ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर हिंडलं. संग्रहालयात सगळं डोळ्यांसाठी असतं. ज्यांनी ती वस्तू केली त्यांची ओळख मात्र बोटांतली असते, आणि बोटांना तिथे प्रवेश नाही.

या ऐंशी एकरांत मला ज्याच्यासमोरून हलवेना ते विमान मी शोधत नव्हतेच. एका मोठ्या हँगरमध्ये, थंडगार हवेत (वातानुकूलन माणसांसाठी असतं की विमानांसाठी, मला फरक पडत नव्हता), एक बी-24 लिबरेटर उभं आहे. चार इंजिनं, दुहेरी शेपूट, दुभत्या गायीसारखं खाली लोंबणारं पोट. महायुद्धात अशी अठरा हजारांहून जास्त विमानं बनली. आज हाताच्या बोटांवर दोनतीनदा मोजून संपतील. नाकावर नाव रंगवलंय: 'बंगे बकारू'. बकारू म्हणजे अमेरिकेतला गुराखी आणि बंगे हे इंग्लंडमधलं एक गाव, जिथून अशी विमानं जर्मनीवर जायची. मी मात्र ते 'बकरू' असंच वाचलं आणि बोकडाचं चित्र कुठे दिसतंय का ते शोधत राहिले.

आणि मग फलक वाचला. हे विमान बंगे गावाचं नव्हतंच. हे आपलं होतं.

ती गोष्ट अशी. अमेरिकेने युद्धात ब्रिटिशांना उसनी दिलेली ही लिबरेटरं पूर्वेकडच्या लढाईसाठी भारतात आली होती. युद्ध संपलं. करार असा की परत करा, नाहीतर निकामी करा. परत कोण नेतो? कानपूरला ती रांगेने उभी करून मोडली गेली. यंत्रांवर हातोडे चालवले, पत्र्याला भोकं पाडली, इंजिनांत वाळू ओतली असं सांगतात. पुन्हा कुणी उडवू नये म्हणून जेवढं करता येईल तेवढं. मग देश स्वतंत्र झाला, आणि नव्या हवाई दलाकडे लांब पल्ल्याचं एकही बॉम्बफेकी विमान नव्हतं. 1948 साली बंगळुरूच्या कारखान्यातली माणसं कानपूरच्या त्या भंगारात गेली. याचं चाक त्याला, त्याचं इंजिन याला, असं करत एकेक विमान कसंबसं उडण्याइतकं उभं करायचं आणि तसंच बंगळुरूला न्यायचं. न्यायचं म्हणजे उडवत न्यायचं. हे काम जमशेद मुन्शी नावाच्या पारशी वैमानिकाने केलं. अशी चाळीसच्या आसपास विमानं उठली. त्यावर पाचवी आणि सहावी स्क्वाड्रन चालली. सहाव्या स्क्वाड्रनने पुण्याहून समुद्रावरच्या टेहळणीसाठी ती वापरली. लोहगावच्या लोकांनी तेव्हा ती चार इंजिनांची घरघर डोक्यावरून जाताना ऐकली असेल. 1968 पर्यंत ती उडत राहिली. ज्या देशाने बनवली त्याने कधीच वितळवून टाकली, आणि ज्या देशात मोडून टाकली तिथे वीस वर्षं चालली. 1969 साली भारताने यातलं एक अमेरिकेला दिलं. तेही पेटीत भरून नाही. अर्ध्या जगावरून उडत ते टूसॉनला आलं.

आणि आल्यावर त्याला 'बकरू' केलं.

मला राग आला का? आला, थोडासा. वीस वर्षांची भारतीय नोकरी फलकावरच्या एकदोन ओळींत आणि कधीही न केलेली जर्मनीवरची चढाई अंगभर. पण मग वाटलं, विमानाला माहेर-सासर हा हिशेब आपण लावतो. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला जन्म, नाव इंग्रजांचं, मरण कानपूरला, दुसरा जन्म बंगळुरूला, म्हातारपण टूसॉनला. एवढं फिरलेल्याच्या अंगावर शेवटी कुणीतरी काहीतरी रंगवणारच. मला फक्त त्या रंगाखालचं बघायचं होतं. कुठे एखादं गोल भोक बुजवून मारलेलं ठिगळ आहे का, कुठे एखादं रिव्हेट बाकीच्यांहून जरा वेगळ्या हाताचं वाटतंय का. मी पोटाखाली वाकून इतका वेळ बघत होते की एक वयस्कर स्वयंसेवक जवळ आले. टोपीवर त्यांच्या जुन्या तुकडीचं चिन्ह होतं. काही हरवलंय का, म्हणाले. मी म्हटलं, ठिगळ शोधतेय. ते हसले आणि खांद्यावरच्या टॉर्चचा झोत पत्र्यावर टाकून माझ्याबरोबर शोधू लागले. आम्हाला दोनतीन जागा सापडल्या. त्या कानपूरच्या होत्या की नाही याची पर्वा आम्ही दोघांनीही केली नाही.

बाहेर पडून कोल्ब रोडने निघालो. कुंपणापलीकडे तो साठा: सव्वीसशे एकरांवर हजारो विमानं, नांगरटीच्या तासांसारखी सरळ रांगेत. काचांवर आणि सांध्यांवर पांढऱ्या रबरी लेपाचे पट्टे, ऊन आत शिरू नये म्हणून. याला इकडे बोनयार्ड म्हणतात, आणि मराठीत हमखास 'विमानांचं स्मशान' लिहिलं जातं. मला ते पटत नाही. 'घोस्ट रायडर' नावाचं एक बी-52 इथे सात वर्षं पडून होतं आणि 2015 साली उठून कामावर गेलं. स्मशानातून कुणी ड्यूटीवर जात नाही. कापलीही गेली, हे खरं. 1991 च्या अण्वस्त्रकपातीच्या करारानुसार 365 बी-52 नष्ट करायची होती. जवळजवळ सहा टनांचं पातं क्रेनने उचलून वरून सोडायचे, आणि तुकडे नव्वद दिवस तसेच उघड्यावर ठेवायचे, रशियाच्या उपग्रहाला वरून दिसावेत म्हणून. लग्नात आहेर मोजून दाखवतात, तसं हे मोडणं मोजून दाखवणं.

दुपारी दक्षिणेकडे ढग उठले. इथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात, तोच शब्द, 15 जून ते 30 सप्टेंबर. या भूमीचे मूळ रहिवासी टोहोनो ओओधाम; सग्वारोची लाल फळं उतरवून त्यांचं नवं वर्ष याच दिवसांत सुरू होतं, आणि त्या फळांची दारू करून ते पावसाला बोलावतात. विमानं राखणाऱ्यांना मात्र तो आला नाही तर बरं. एकाच जमिनीवर दोन प्रार्थना. वारा सुटला, धूळ उठली, आणि धुळीच्या मागोमाग क्रिओसोटच्या झुडपांचा वास आला. ओल्या मातीचा नव्हे, थोडा औषधी, थोडा कापरासारखा. थेंब मोठे होते, दहा मिनिटांत संपले. भाच्याने काच खाली करून हात बाहेर काढला. मीही काढला.

रात्री फिनिक्सला जेवणं चालू असताना अण्णांचा फोन आला. तिकडे सकाळ. लिबरेटरची गोष्ट मी त्यांना आधीच लिहून पाठवली होती.

"चार इंजिनं म्हणालीस ना?"

"हो."

"आणि सगळ्यांत वाळू?"

"असं सांगतात."

"हं." मग बराच वेळ बशीत चहा ओतल्याचा आवाज. "रॉकेलने धुतली असतील आधी. पण तेवढ्याने ती निघत नाही. सगळं खोलायला लागतं, एकेक सिलिंडर. चौदा असतात बघ एकेकाला." पुन्हा थांबले. "किती जण होते गं ते? कुठे लिहिलंय का?"