मिक्सरच्या पाठीमागे

१.
मिक्सरची पुढची बाजू सगळे बघतात. आमचं साउंडवाल्यांचं निम्मं काम पाठीमागे, दातांत टॉर्च धरून.

२.
रेकॉर्डची सुई देते जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेयर देतो दोन व्होल्ट. म्हणून 'फोनो' आणि 'लाइन' हे दोन खण वेगळे. सीडी फोनोत खुपसली की आवाज फाटतो. सुई लाइनमध्ये लावली तर कुणीतरी शेजारच्या खोलीत गुणगुणतंय असं वाटतं.

३.
रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम दाबतात, नाहीतर खोबण शेजारच्या खोबणीत घुसेल. फोनोचा खण तेवढाच बेस परत देतो. किती दाबायचा, किती द्यायचा याचा तक्ता 1954 पासून जवळपास जगभर एकच. कोलकात्याच्या दमदममधल्या कारखान्यात छापलेली एलपी आज माझ्या मिक्सरवर नीट वाजते, ती त्यामुळे. हा शब्द पाळणं मला फार मोठं वाटतं.

४.
टर्नटेबलच्या मागून एक बारीक तार येते. ती ग्राउंडच्या स्क्रूखाली घ्यायची. राहिली की घूंऽऽ. स्क्रू पाव फेरा आवळला, घुरघुर थांबली. त्या क्षणी हॉल केवढा मोठा आहे ते कळतं.

५.
माइकच्या कॅनन (एक्सएलआर) वायरीत तीन पिना. एक ग्राउंड, दुसरीवर आवाज, तिसरीवर तोच आवाज उलटा. वाटेत शिरलेली खरखर दोन्हींवर सारखीच बसते. पलीकडे मिक्सर वजाबाकी करतो. खरखर जाते, आवाज उरतो.

६.
साखरपुडा. घाईत कुणीतरी मोबाइलचा स्टीरिओ जॅक थेट माइकच्या खणात घातला. ढोलक आहे, व्हायोलिनं आहेत, गायिका नाही! नवरीची आई माझ्याकडे बघतेय. गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या बाजूंना अगदी सारखा, म्हणून वजाबाकीत तीच गेली. जॅक काढला, डावी-उजवी वेगळ्या खणांत दिली. दुसऱ्या कडव्याला बाई परत आल्या.

७.
आधी मिक्सर चालू, मशीन (म्हणजे अॅम्प्लिफायर) सगळ्यात शेवटी. बंद करताना मशीन आधी.

८.
लॅपटॉपला चार्जर लावला की घुरघुर, काढला की बंद. हाताखालचा पोरगा म्हणाला, "काका, अर्थिंगची पिन तोडू का?"
नाही. कधीच नाही. ओल्या मंडपात माइक धरून उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या पिनेवर असतो. मधे आयसोलेटर टाक. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज पलीकडे जातो, तारेला तार लागत नाही.

९.
लाल दिवा लागला म्हणजे आवाज मोठा झाला असं नाही. लाटेचा माथा छाटला गेला. मास्टर खाली ओढून तो परत येत नाही, गेनच उतरवावा लागतो.

१०.
रात्रीचे दहा. फेडर सावकाश खाली.
पोरगा वायर कोपरावर गुंडाळत होता. पीळ बसतो, आतली तार तुटते. हातात घेऊन दाखवलं: एक वेढा सुलटा, एक उलटा. तिसरी वायर त्यानं न विचारता तशी गुंडाळली.