बारावे छायाचित्र

इंदूरला पाहुणा आला, की त्याला काय दाखवायचे हे आमच्या घरी ठरलेले असे. राजवाडा, काचमंदिर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग आणि रात्री सराफा. मुक्काम लांबला तर मांडू किंवा महेश्वर. या स्थळांच्या वाटा मला डोळे मिटूनही सापडतील. परंतु डोळे उघडून पाहावे कसे, हे मी बऱ्याच उशिरा शिकलो. ते शिकवले एका साध्या कॅमेऱ्याने.

वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, तो ‘आगफा क्लिक थ्री’ लाकडी कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली जपून ठेवलेला असे. त्यात गुंतागुंत मुळीच नव्हती. ऊन असेल तर एक खूण, ढगाळ असेल तर दुसरी. एका रोलवर बारा छायाचित्रे निघत. रोल, धुलाई आणि छपाई यांचा खर्च नोकरदार घराला जाणवण्याजोगा असल्याने त्या बारांचा हिशेब कडक असे. लग्न, मुंज, बारसे आणि नर्मदेचा घाट यांनाच त्यांत स्थान. “उगीच एकही वाया घालवू नकोस,” असे अण्णा बजावीत.

हौसेने कॅमेरा हाती धरण्याची आमच्या गावाची परंपरा मात्र फार जुनी आहे. मेरठजवळच्या सरधन्याचे लाला दीनदयाळ रुडकीला शिक्षण घेऊन 1866 साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले. 1874 च्या सुमारास येथेच त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला, आणि दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले व ‘राजा’ ही पदवी पावले. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यावा लागे आणि तो ओला असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे. इतके श्रम करणारा माणूस कळ दाबण्यापूर्वी किती वेळ नुसता पाहत उभा राहत असेल!

1986 सालच्या उन्हाळ्यात आम्ही महेश्वरला गेलो होतो. घाट, किल्ला, होड्या यांत अकरा चित्रे संपली. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, “उरलेले एक संपवून टाक, म्हणजे रोल धुवायला देता येईल.” मी इकडेतिकडे पाहिले. ओटल्यावर आई सुपात तांदूळ पाखडत होती. तिरपे ऊन आत आले होते आणि उडणारा कोंडा त्यात चमकत होता. “अरे, थांब, पदर तरी सावरू दे,” असे ती म्हणेपर्यंत कळ दाबली गेली होती.

छापून आलेली अकरा चित्रे आल्बममध्ये लागली. बारावे आईलाच आवडले नाही. “हे काय, कामात विस्कटलेली मी!” म्हणून तिने ते पाकिटातच ठेवले.

2009 साली आई गेली. भिंतीवर लावण्यासाठी आम्ही तिचे चित्र शोधू लागलो. आल्बममध्ये ती पुष्कळ ठिकाणी होती; पण सर्वत्र ताठ उभी, ओठ मिटलेली, परक्यासारखी. अखेर जुन्या पाकिटात ते बारावे चित्र हाती लागले. आमची आई तेवढ्या एकातच होती. पुढे रस्ता रुंद करताना आमचा ओटलाही गेला. आता दोन्ही त्या चित्रातच उरली आहेत. जे रोजचे म्हणून आम्ही वाया जाणारे मानले, तेच नाहीसे झाले. महेश्वरचा घाट जागच्या जागी आहे.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी फिरायला निघतो. आता मोबाइलवर हवी तेवढी चित्रे घेता येतात. तरी मी स्वतःला बाराचीच मर्यादा घातली आहे. छत्र्यांवरचे कोरीव काम भर दुपारी सपाट दिसते, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातली प्रत्येक आकृती उठून येते. हे कळल्यावर मी पोहेवाल्याच्या पातेल्यावरची वाफ, सायकलवाल्याच्या भिंतीवर टांगलेली चाके, पहिलीच्या वर्गाबाहेरची चिमुकल्या चपलांची रांग, हे सारे त्याच उन्हात पाहू लागलो. चपलांच्या रांगेजवळून मी कित्येक वर्षे रोज गेलो होतो. त्यांतली एक नेहमी उलटी पडलेली असते, हे मला चित्र घेतल्यावर समजले.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी सांगितले, घरातले रोजचे असे एकच चित्र आणा. एका मुलीने शिवणयंत्रावरचे आईचे हात आणले. “यात काय आहे, असे आई विचारत होती, सर,” ती म्हणाली. मी तिला ते छापून घेऊन जपून ठेवायला सांगितले. याहून अधिक सांगणे मला त्या क्षणी जमले नाही.

वाचकहो, प्रवासाला जाल तेव्हा घाट आणि किल्ले अवश्य टिपा. पण एक चित्र घरासाठी राखून ठेवा. आणि समोरचे माणूस पदर सावरायच्या आत ते घ्या.