पाली, पण ती नव्हे!

‘वीकेंडला पालीला चाललोय’ असं ऑफिसात सांगितलं, की ठरलेलं उत्तर येतं, ‘अरे वा, बल्लाळेश्वराला आमचाही नमस्कार सांग!’ आता यांना कसं सांगायचं, की ती पाली रायगडातली. अष्टविनायकातली. आपली पाली रत्नागिरीतली, मुंबई-गोवा महामार्गावरची. हातखंबा मागे टाकून लांज्याकडे निघालात की लागते ती. कोल्हापूरचा रस्ता इथूनच फुटतो आणि नाणीज, साखरपा करत आंबा घाटाला भिडतो. त्यामुळे बहुतेकांनी पाली पाहिलेली असते ती गाडीच्या काचेतून, फार तर चहाच्या ग्लासाच्या काठावरून. (मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘पाली’ टाकू नका. एकदा आमचा एक मित्र वाकण फाट्याला वळून थेट देवळाच्या पार्किंगमध्ये पोहोचला होता. दर्शन घेऊन आला, एवढंच समाधान.)

आम्ही इथे मुक्काम टाकतो तो सड्यांसाठी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. मे महिन्यात तव्यासारखं तापलेलं आणि श्रावणात फुलांनी झाकलेलं. सीतेची आसवं, गेंद, सोनकी अशी चिमुकली फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून नाचत चालावं लागतं. पण गेल्या काही वर्षांत या सड्यांची खरी ओळख आहे ती कातळशिल्पांची. जांभ्याच्या जमिनीतच कोरलेली माणसं, हत्ती, मासे, वाघ, पक्षी आणि काही अशा आकृत्या, की त्यांना काय म्हणावं ते कुणालाच कळत नाही. काहींत चक्क गेंडा आहे. आज कोकणात गेंडा? म्हणजे कोरणाऱ्याने तो पाहिला तेव्हाचं कोकण वेगळंच असणार. नेमका काळ कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गोष्ट हजारो वर्षांची आहे हे नक्की.

मला यात सगळ्यात आवडते ती शोधाची गोष्ट. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे ही रत्नागिरीची हौशी मंडळी आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून, सडे पायाखाली घालून ही शिल्पं शोधली. हजारावर आकृत्या नोंदल्या गेल्या. २०२२मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली. त्यातली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात : उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. देवाचे गोठणे इथे होकायंत्र घेऊन जा. शिल्पाच्या जागी सुई भलतीकडे वळते. शनिवार-रविवारच्या छंदाचं यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं हवं?

पाहायला जाताना एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. या रेषा फार खोल नाहीत. डोक्यावर ऊन आलं की त्या गायब होतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा प्रकाश पडला, की सावली धरतात आणि आकृती जमिनीतून उठून येते. खडूने रेषा गिरवून फोटो काढणारे वीर अजून भेटतात. त्यांना शांतपणे पण ठामपणे थांबवा.

आता मुख्य गोष्ट. गेल्या डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही चौघं पालीपासून फार लांब नसलेल्या एका सड्यावर होतो. वाटाड्या म्हणून गावातले एक काका बरोबर होते. एका रेषेवर वाळकं गवत आणि दोन-तीन सुटे दगड पडले होते. फोटोत नको म्हणून आमच्यातला एक जण ते बाजूला करायला वाकला. काका ओरडले, ‘हात नका घालू!’ पण तोवर घातला होता.

तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा सर्रसर्र आवाज आला. जेमतेम वीतभर लांबीचं, मातकट, अंगाचं वेटोळं अंगालाच घासणारं काहीतरी दिसलं. फुरसं. मित्राच्या उजव्या हाताच्या बोटावर दोन ठिपके आणि रक्ताचा एक थेंब. एवढंसं!

त्यानंतरची पाच मिनिटं आठवली की अजून लाज वाटते. एकाने रुमाल काढला, करकचून बांधायला. दुसऱ्याला सिनेमातला सीन आठवला, ब्लेडने कापून रक्त चोखायचा. तिसरा (म्हणजे मीच) मोबाइल घेऊन सापाच्या मागे निघालो होतो, डॉक्टरांना दाखवायला फोटो हवा म्हणून. काकांनी तिघांनाही शिव्या घातल्या. मित्राला खाली बसवलं. त्याची साखरपुड्याची अंगठी आणि घड्याळ आधी काढायला लावलं, कारण हात सुजल्यावर अंगठी निघत नाही आणि तीच बोटाला फास बसते. मग एक काठी हाताला लावून, पंच्याने सैलसर बांधून, हात हलणार नाही असा गळ्यात अडकवला. चालू दिलं नाही. दोघांनी उचलून खाली रस्त्यापर्यंत आणला. वाटेत कुणी तरी एका जाणत्याकडून उतरवून घ्यायचं सुचवलं. काका म्हणाले, ‘आधी सुई. मंतर मागनं.’

रिक्षा मिळाली आणि आम्ही सरकारी रुग्णालय गाठलं. तिथे डॉक्टरांनी काय करावं? थोडं रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि नळी स्टँडला लावून ठेवली. वीस मिनिटं. हलवायची नाही, हात लावायचा नाही. आयटीतली आम्ही माणसं, आम्हाला वाटत होतं एखादं मशीन येईल, रिपोर्ट येईल. पण फुरसं आणि घोणस यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच घालवतं. म्हणून ही साधी परीक्षा. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर तूर्त ठीक, आणि काही तासांनी पुन्हा तपासायचं. वाहिलं, तर विष चढलंय.

वाहिलं.

प्रतिविष लगेच सुरू झालं. ते सलाइनमधून देतात, त्याची ॲलर्जी येऊ शकते म्हणून डॉक्टर समोर असताना देतात, आणि म्हणूनच ते घरी ठेवायचं औषध नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. त्यामुळे साप मारून पिशवीतून आणायची काही गरज नसते. माझी ती फोटोगिरीही फुकटच होती. संध्याकाळी त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. होणाऱ्या बायकोला फोन कोणी करायचा यावर तिघांत चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्या तपासणीत मात्र नळीतलं रक्त गोठलं. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. प्रतिविषाचं बिल शून्य होतं.

फुरसं आणि रत्नागिरी ही जोडी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने जिल्ह्यात फुरसं मारण्यासाठी बक्षीस लावलं होतं आणि सहा वर्षं दरसाल सरासरी सव्वादोन लाख फुरशी जमा झाली. तरी ती संपली नाहीत. जांभ्याच्या फटी आणि सुटे दगड हे त्यांचं घरच. त्यांच्या घरात आपण हात घालायला जातो.

विंचवाचीही तीच तऱ्हा. पण तिथे याच महामार्गावर, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा माणूस होता म्हणून आपण नशीबवान. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणसं दगावत. बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं आणि १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात ते मांडलं. मृत्यूंचं प्रमाण प्रचंड खाली आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावला तरी ‘होईल बरं रात्रभरात’ म्हणत बसू नका, विशेषतः बरोबर लहान मूल असेल तर.

तर तुम्ही जाणार असाल, तर घोट्याच्या वर येणारे बूट आणि फुल पँट. उन्हाळ्यात सड्यावर सावली नसते, माणशी दोन लिटर पाणी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तिथे महागडे स्पोर्ट्स शूजसुद्धा दगा देतात. अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊल नाही. गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याचे पैसे द्या, घासाघीस करू नका. १०८ नंबर सेव्ह करा. हेही सांगतो, की या सगळ्या सापाविंचवांपेक्षा मला हातखंब्याच्या उतारावरच्या टँकरांची भीती जास्त वाटते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रभर बाइक हाणत येण्यापेक्षा कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरा. येताना उक्षी सोडलं की साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो, तो बोनस! पुढे एसटीने वीसेक किलोमीटरवर पाली.

त्या दिवशीचा फोटो अर्थातच राहिला. फेब्रुवारीत पुन्हा गेलो, चौघंही, तेच काका. वाळकं गवत काकांनी लांब काठीने बाजूला केलं. शिल्पावर जाताना बूट काढून कडेला ठेवले, फोटो काढले, परत आलो. मित्र बुटात पाय घालणार, तेवढ्यात थांबला. दोन्ही बूट उलटे करून दगडावर आपटले, आत वाकून पाहिलं आणि मगच घातले. आम्ही तिघांनीही मुकाट्याने तेच केलं.