स्वस्त हंबकरच्या बाजूने

बरीच वर्षं माझं मत पक्कं होतं. गिटारवर जाझचा स्वच्छ, गोल, लाकडी आवाज हवा असेल तर नामांकित परदेशी हंबकर पिकअपच लावावा. तो परवडत नसेल तर पैसे जमेपर्यंत थांबावं, पण मधलं काही घेऊ नये. अंबरनाथ-बदलापूरकडची शिकणारी मुलं विचारायची, तेव्हा मी सीमोर डंकनचा ‘जाझ’ किंवा ‘फिफ्टीनाइन’ सांगून मोकळा व्हायचो. ज्याची अख्खी गिटार दहा-बारा हजारांची, त्याला जवळपास तेवढ्याच किमतीचा पिकअप सांगताना मला काही वावगं वाटत नसे. आज मी तो सल्ला देत नाही. का देत नाही, ते नीट सांगायला हवं.

जुन्या मताला आधार होता. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हंबकर घडवला, 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये पेटंट मिळालं. 1957 पासून गिटारींवर बसलेल्या या पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केलेला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. जगभरचे वादक आजही त्याच आवाजाच्या मागे असतात. रचना साधी आहे: शेजारी शेजारी दोन कॉइल, दोघींचे वेढे उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. त्यामुळे बाहेरून आलेली विजेची घरघर एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज मात्र मिळून दुणावतो. आमच्या पट्ट्यात ही काही चैन नाही. उल्हासनगरात खालच्या मजल्यावर जीन्सच्या शिलाई मशिनच्या मोटरी, अंबरनाथला एमआयडीसीच्या कडेला वेल्डिंग, घरात जुन्या चोकची ट्यूबलाइट. सिंगल कॉइलची गिटार इथे 50 हर्ट्झची घरघर घेऊनच बोलते. डिस्टॉर्शनच्या सततच्या गोंगाटात ती दडते. पण जाझमध्ये दोन कॉर्डच्या मधली शांतताही ऐकायची असते, तिथे ती नको होते. हंबकर हवा, याबद्दल माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. बदललं ते किमतीबद्दलचं.

बदलापूरला एका मित्राकडे दोन पिकअप एकाच गिटारमध्ये आळीपाळीने लावून ऐकायचा योग आला. एक नामांकित, दुसरा कोरियन बनावटीचा, अल्निको चुंबकाचा, किमतीने पहिल्याच्या पाव हिस्सादेखील नाही. तारा त्याच, अँप तोच, वाजवणारा तोच. मी पाठ फिरवून बसलो होतो. पिकअपची उंची न जुळवता ऐकलं तेव्हा महागडा सरस वाटला. मग मित्राने स्क्रू ड्रायव्हर घेतला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि दोन्ही पिकअप तारेपासून सारख्या अंतरावर, तीन मिलिमीटरच्या आसपास, आणले. खर्जाची बाजू किंचित आणखी खाली. टोनचा नॉब निम्म्यावर. त्यानंतर कोणता कोणता, हे मला खात्रीने सांगता येईना. आम्ही दोघेही वर्षानुवर्षं ज्याला दर्जा म्हणत आलो, त्यातला मोठा भाग त्या दोन स्क्रूंमध्ये होता.

तारेच्या फार जवळ चुंबक आलं की ते तारेलाच ओढतं, सूर कडक होतो, खर्ज घोगरा होतो. थोडं खाली घेतलं की आवाज पातळ न होता मोकळा होतो. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही; जाझ गिटारला हवी असते ती बंद जवारी.

दुसरा धडा उल्हासनगरात मिळाला. पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्या एका कारागिराला मी एक उघडा पिकअप दाखवला. त्याने भिंगातून तार पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला: गेज कुठला? जुन्या पद्धतीच्या हंबकरात 42 गेजची तार असते, जाडी मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाइतकी, आणि एका कॉइलवर साधारण पाच हजार वेढे. तेवढेच वेढे 43 गेजच्या तारेने घेतले तर ओहम साधारण पाव पटीने वाढतात, ताकद मात्र तशी वाढत नाही. म्हणजे दुकानदार ‘पंधरा के (किलोओहम) आहे, एकदम पॉवरफुल’ म्हणतो, तेव्हा तो अर्धीच गोष्ट सांगत असतो. आणि आपल्याला ती पॉवर नकोच आहे. जास्त वेढे म्हणजे जास्त इंडक्टन्स. वरचे सूर गळतात, मधले फुगतात आणि क्लीन अँप लवकर खरखरायला लागतो.

म्हणून आता मी नाव विचारत नाही, तीन गोष्टी विचारतो. नेक पिकअप सात ते आठ किलोओहमचा आहे का? चुंबक अल्निको 2 किंवा 5 आहे का? (2 जास्त मऊ, 5 जरा टणक आणि स्पष्ट.) पहिल्या ते शेवटच्या पोलपीसचं (तारेखालच्या खुंटीचं) अंतर आपल्या तारांशी जुळतं का, सर्वसाधारण 50 मिलिमीटर? गिटार न उघडताही मोजता येतं: जॅकमध्ये केबल लावा, नेक पिकअप निवडा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि मल्टिमीटर 20 के वर ठेवून केबलच्या टोकाला आणि दांड्याला लावा. व्हॉल्यूमच्या पॉटमुळे आकडा किंचित कमी दिसतो, पण अंदाज चोख येतो.

स्वस्त पिकअपमध्ये खोट असते, हेही सांगतो. अनेकांवरचं झाकण जर्मन सिल्व्हरऐवजी पितळेचं असतं आणि ते वरचे सूर खातं. रॉकवाल्याला ते खटकेल. ज्याला टोनचा नॉब तसाही खालीच ठेवायचा आहे, त्याने त्यासाठी जास्तीचे पैसे का मोजावेत? मेणात न बुडवलेला पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारतो. घरातल्या किंवा छोट्या हॉलमधल्या क्लीन आवाजात तो प्रश्न सहसा येत नाही. मोठ्या मंचावर रोज वाजवणाऱ्याने मात्र इथे पैसे वाचवू नयेत.

इतिहासाकडेही मी नव्या नजरेने पाहतो. जाझ गिटारला एकल वाद्याचा आवाज देणारा चार्ली ख्रिश्चन गिब्सनची 1936 ची ईएस-150 वाजवायचा. त्यात हंबकर नव्हताच, तो जन्मायचा होता. ख्रिश्चन 1942 मध्ये पंचविशीत गेला. कॅनडाचा एड बिकर्ट भरीव अंगाच्या टेलिकास्टरवर पॉल डेझमंडच्या सॅक्सोफोनला असे मऊ कॉर्ड देत असे की पोकळ गिटारच वाटावी. वेस माँटगोमरीने पिक सोडून अंगठा वापरला. या सगळ्यांचा आवाज आधी हातात होता, मग तारेत, आणि त्यानंतर पिकअपमध्ये.

म्हणून पैसे कुठे घालावेत, हा क्रमच आता माझ्यासाठी उलटा झाला आहे. पहिला खर्च फ्लॅटवाउंड तारांचा, शक्यतो 11 किंवा 12 चा संच, तिसरी तार वेढ्याची. त्या जाड तारांच्या ताणाला मानेची आणि नटची जुळवणी लागते, तेवढे पैसे कारागिराला द्यावेत. दुसरा खर्च बऱ्या क्लीन अँपचा. पिकअप शेवटी, आणि तोही स्वस्त चालेल. धोबीतलावला तारा आणायला सीएसएमटीपर्यंतची लोकल पकडणाऱ्या आपल्या मुलांनी महाग पिकअपची वाट पाहत जाझ शिकणं लांबवू नये.

वाद्यं विकणाऱ्यांना एक विनंती आहे. उल्हासनगरला असो, कल्याणला असो, पिकअप विकताना त्याचे किलोओहम, चुंबकाचा प्रकार आणि पोलपीसचं अंतर गिऱ्हाइकाला लिहून द्या, आणि काउंटरवर एक मल्टिमीटर ठेवा.