कानाची साक्ष

आमच्या आळींतील हवालदारआप्पा हांक मारीत नाहींत. कडी वाजवितात, आणि तिचा आवाज स्वतःस ऐकूं न आल्यामुळें पुनः वाजवितात. २०१४ च्या वैशाखांत ते असेच आले. हातांत परत आलेला अर्ज होता. ही तिसरी खेप; शेरा तोच: अधिक वैद्यकीय पुरावा जोडावा.

आप्पा तोफखान्यांत होते. बहिरेपणामुळें वैद्यकीय मंडळानें त्यांना मुदतीपूर्वींच घरीं पाठविलें, आणि त्याच कागदावर व्याधीचा सेवेशीं संबंध नाहीं असेंही लिहिलें. अपंगत्वाचें निवृत्तिवेतन मिळावयास अपंगत्व निदान २० टक्के असावें लागे, आणि तें सेवेमुळें जडलेलें किंवा सेवेनें वाढलेलें असावें लागे. पहिली गोष्ट यंत्रानें मोजतां येते. दुसरी कशानें मोजावी?

जळगांवीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें २०१८ सालीं. तेव्हां धुळें गांठणें प्राप्त होतें. एरंडोल, पारोळें करीत भर उन्हांत एस्. टी.नें आम्ही गेलों. तेथील तरुण डॉक्टरांनीं आप्पांचे कान आस्थेनें तपासले, आलेख काढून दिला, आणि प्रांजळपणें सांगितलें, "किती ऐकूं येत नाहीं, हें मी लिहून देतों. तीस वर्षांपूर्वीं तें तोफेनें झालें कीं कसें, हें मीं कशावरून लिहावें?" खरेंच होतें. त्याचा पुरावा भरतीच्या व सेवेच्या कागदांत, आणि ते कागद पुरावा मागणाऱ्यांच्याच कपाटांत!

परततांना आप्पा म्हणाले, "मास्तर, कान मना शे, पन साक्ष डॉक्टरनी लागस." मला हसूं आलें, व लगेच लाजही वाटली. तिन्ही अर्ज माझ्या हातचे. सफाईदार इंग्रजी लिहिण्यांत आम्हां पांढरपेशांस मोठी मौज वाटते. नियमाचा आधार मात्र मीं एकाही अर्जांत दिला नव्हता. २०१३ च्या जुलैंतच सर्वोच्च न्यायालयानें धरमवीर सिंग यांच्या प्रकरणीं सांगितलें होतें कीं, भरतीच्या वेळीं ज्या व्याधीची नोंद नाहीं, ती सेवेंतच जडली असें गृहीत धरावें. तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाहीं, आणि संशयाचा फायदा त्यासच मिळावा. वर्तमानपत्रांत हें मीं वाचलेंही होतें. वाचलें आणि पान उलटलें.

चौथ्या अर्जास धुळ्याचा आलेख जोडला, पण या खेपेस मागणी आमची होती: भरतीच्या दिवशींचा तपासणीचा कागद दाखवावा, आणि त्यांत बहिरेपणा नसल्यास मंडळानें आपल्या मताचीं कारणें द्यावींत.

कागदाची नक्कल यावयास चौदा महिने लागले. मंजुरीस त्याहूनही अधिक. त्या नकलेंत दोन्ही कान निर्दोष असल्याची नोंद होती. आप्पांनीं ती माझ्या हातीं दिली, खुर्ची अगदीं जवळ ओढली, आणि म्हणाले, "मास्तर, जोरमां वाचा."